चौथे वेत

मुलगा शिकायला पुण्याला गेला तेव्हा त्याच्या खोलीतली पुस्तके मी आवरली, बॅट माळ्यावर टाकली, सायकल शेजारच्या मुलाला देऊन टाकली. राहिला तो तीन फुटी फिशटँक. त्यात दोन एंजल, सहा निऑन टेट्रा, तळाशी हुंगत फिरणारे तीन कोरिडोरस, चार प्लॅटी आणि पाच गप्पी असा वीस जणांचा संसार होता आणि तो माळ्यावर टाकता येण्यासारखा नव्हता. "आई, तू फक्त सकाळी चिमूटभर खायला घाल, बाकी सगळे मी सुटीत आलो की बघीन," असे सांगून तो गेला. तोवर नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आमच्या घरात माशांशी माझा संबंध टाकीची काच बाहेरून पुसण्यापुरताच होता. पुढच्या आठ-नऊ महिन्यांत गप्पींची चार वेते मी हाताळली. त्यांतली पहिली तीन कमीअधिक प्रमाणात माझ्याच चुकांनी वाया गेली आणि चौथे जगले.

गप्पी आपल्याकडे डासांच्या अळ्या खाणारा मासा म्हणून शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. पावसाळा आला की हौदांत, बंद पडलेल्या कारंज्यांत, बांधकामावरच्या टाक्यांत तो सोडला जातो. मूळचा तो त्रिनिदाद आणि व्हेनेझुएलाकडचा. तो अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देतो, आणि तोही साधारण चार-चार आठवड्यांच्या अंतराने. एकदा नराची गाठ पडली की मादी बीज साठवून ठेवते आणि पुढे काही महिने नर नसतानाही वीत राहते. हे सगळे मला नंतर कळले. श्रावणातल्या एका सकाळी टाकीचा दिवा लावला तेव्हा मागच्या कोपऱ्यातल्या वनस्पतीला जिऱ्याएवढे काहीतरी चिकटलेले दिसले, आणि ते जिरे हलले, एवढेच मला त्या क्षणी कळले.

मुलाचे भिंग काढून मी काचेला नाक लावून बसले. सात पिल्ले मोजली. लांबी सहा-सात मिलिमीटरांपेक्षा अधिक नसेल, आणि त्यात निम्मे डोळेच. अंग इतके पारदर्शक की कण्याची रेघ आणि पोटातला करडा ठिपका बाहेरून दिसत होता. पोहणे असे नव्हतेच. एक झटका, मग थांबणे, पुन्हा एक झटका. मी सासूबाईंना बोलावून दाखवले, मुलाला फोन केला, आणि फोनवर बोलत असतानाच एका एंजलने तिरके होत, घाई न करता, दोन पिल्ले उचलली. दुपारपर्यंत तीन उरली, रात्री एकही दिसेना. मुलगा म्हणाला, "होते असे, आई. कम्युनिटी टँकमध्ये पिल्ले म्हणजे बाकीच्यांचा नाश्ता." मला ते फार निर्दय वाटले, पण खोटे नव्हते. स्वतः व्यालेली मादीदेखील भुकेच्या तडाख्यात आपल्या पिल्लांना सोडत नाही.

या वेतातले एक पिल्लू मात्र वाचले, आणि ते कुठे वाचले हे मला तेव्हा समजले असते तर पुढची पडझड टळली असती. टाकीत आत बसवलेला पॉवर फिल्टर आहे; त्याच्या बाजूच्या फटींतून पाणी आत ओढले जाते आणि स्पंजातून गाळून बाहेर पडते. पाच-सहा दिवसांनी त्याची धार मंदावली म्हणून मी तो उघडला, तर स्पंज आणि प्लॅस्टिकचे कवच यांच्यामधल्या बोटभर जागेत, तपकिरी चिखलासारख्या गाळात, एक पिल्लू मजेत फिरत होते. पोट भरलेले, जन्मले त्याहून मोठे. मी त्याला चहाच्या गाळणीने काढून काचेच्या वाडग्यात ठेवले आणि इतक्या घाणीत ते जगले कसे याचे आश्चर्य करीत, तो स्पंज नळाखाली खळखळून धुतला, पांढराशुभ्र होईपर्यंत. त्यानंतर आठवडाभर मोठ्या टाकीचे पाणी धुरकट राहिले आणि एक प्लॅटी गेली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल असे माझ्या मनातही आले नाही. वाडग्यातले ते पिल्लूही चौथ्या दिवशी मेले.

दरम्यान आणखी किती वेते झाली ते एंजलनाच ठाऊक. ऑक्टोबरात एका गप्पी मादीचे पोट चौकोनी दिसू लागले, शेपटीकडचा काळा डाग पसरला, ती कोपऱ्यात एकटी राहू लागली, तेव्हा मी तयारीनिशी उतरायचे ठरवले. पंधरा लिटरचा नवा पांढरा टब आणला, घासूनपुसून धुतला, ताजे पाणी भरले, दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे अँटी-क्लोरीनचे थेंब टाकले आणि मादीला त्यात सोडले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती व्याली. जन्मताना पिल्लू गुंडाळीसारखे वाकलेले बाहेर येते, तळाकडे पडते आणि मध्येच उलगडून पोहू लागते. हे मी तीन-चार वेळा डोळ्यांनी पाहिले. चौतीस पिल्ले झाली. मादीला लगेच परत मोठ्या टाकीत पाठवले. आता एंजल नाही, फिल्टर नाही, पाणी स्फटिकासारखे स्वच्छ. घरात बाळंतपण झाल्यासारखा माझा उत्साह होता.

खायला काय द्यायचे यावर दुकानदार म्हणाला होता, "काकू, उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कापडातून गाळून द्या, झटपट वाढतात." पिवळा बलक पिल्लांना चालतो हे खरेच आहे. पण किती, हे त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. चौतीस लेकरांना पुरले पाहिजे म्हणून मी हरभऱ्याएवढा बलक मलमलीच्या फडक्यात बांधून पाण्यात पिळला, दिवसातून तीनदा. मुलाला वाढवताना जी सवय लागली ती हाताला होतीच. ताट रिकामे दिसले की वाढायचे. दुसऱ्या दिवशी पाण्याला ताकाच्या निवळीसारखी झाक आली. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळी पिल्ले पृष्ठभागाला तोंड लावून लटकली होती आणि तळाशी अकरा मेली होती. मी घाबरले आणि जे करू नये तेच केले: टबातले सगळेच्या सगळे पाणी ओतून नळाचे गार पाणी भरले. संध्याकाळपर्यंत नऊ उरली.

दिवाळीला मुलगा आला तो अमोनिया मोजायचे किट घेऊन. काचेच्या छोट्या नळीत टाकीचे पाणी घ्यायचे, दोन बाटल्यांतले ठरावीक थेंब टाकायचे, हलवायचे आणि पाच मिनिटे थांबून आलेला रंग पट्टीशी जुळवायचा. मोठ्या टाकीच्या पाण्याचा रंग पिवळाच राहिला, म्हणजे शून्य. टबाच्या पाण्याची नळी हिरवी झाली, पट्टीवर 2 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत दोन भागांच्या, जवळ. एका टाकीत वीसेक मोठे मासे आणि अमोनिया शून्य. दुसऱ्या टबात नखाएवढी नऊ पिल्ले आणि अमोनिया 2. मला हे गणित उलटे वाटले. मग त्याने मला वहीवर रेघा मारून समजावले आणि मी ते माझ्या भाषेत असे समजून घेतले.

मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, विष्ठा आणि उरलेले अन्न कुजूनही तोच तयार होतो, आणि तो कल्ल्यांना जाळतो. जुन्या टाकीत एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते बरेच सौम्य असते आणि दर आठवड्याला थोडे पाणी बदलले की आटोक्यात राहते. हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात. ते स्पंजावर, खड्यांवर, काचेवर चिकटून वाढतात, आणि नव्या टाकीत पुरेसे वाढायला त्यांना चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे ते विरजण आहे. माझा पांढरा टब म्हणजे विरजण न लावलेले दूध होते आणि मी त्यात बलक पिळून दूध नासवत होते. फिल्टरमधला तो तपकिरी गाळ म्हणजे घाण नव्हती, साईचे दही होते, आणि ते पिल्लू सबंध घरातल्या सर्वांत सुरक्षित जागी बसले होते. स्पंज क्लोरीनच्या पाण्याखाली धुऊन मी ते दही मोरीत ओतले होते, म्हणून पाणी धुरकटले आणि प्लॅटी गेली.

त्यात आमच्या पाण्याचा सामू (पीएच), म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा, साधारण 8 आहे. अमोनियाचा जो भाग खरा घातक असतो तो सामू एकाने वाढला की जवळजवळ दहापट होतो, आणि उबदार पाण्यातही वाढतो. त्यामुळे सामू 7 असलेल्या पाण्यात जो अमोनिया मासे कसेबसे सोसतील, तो आमच्याकडे मारक ठरतो. किटवरचा आकडा एकच असला तरी त्याचा अर्थ पाण्यापाण्यानुसार बदलतो, हे त्या खोक्यावर कुठे लिहिलेले नव्हते.

उरलेल्या नऊ पिल्लांना आम्ही जाळीच्या छोट्या पेटीत घालून ती पेटी मोठ्या टाकीतच टांगली. जुने पाणी जाळीतून खेळत राहिले आणि मरण्याचे सत्र थांबले. दोन्ही एंजल दिवसभर त्या जाळीसमोर, मिठाईच्या दुकानापुढे उभे राहावे तसे उभे असत. नऊपैकी सहा मोठी झाली. पण वाढ खुंटल्यासारखी, दोघांचा कणा वाकडा. कणा वाकण्याची कारणे आनुवंशिकही असतात, तेव्हा सगळा दोष माझ्या बलकाला देता येणार नाही. तरी अरुंद पेटी आणि सुरुवातीचे ते तीन दिवस यांचा त्यात वाटा असावा असे मला वाटते. जाळीची पेटी ही तात्पुरती सोय आहे. पिल्लांना महिनाभर तीत ठेवणे म्हणजे धर्मशाळेच्या खोलीत बिऱ्हाड करण्यासारखे आहे.

मुलगा परत जाण्यापूर्वी आम्ही दीड फुटी काचेची छोटी टाकी आणली. तीस लिटर पाणी भरून वर चार बोटे मोकळी राहतील एवढी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एअर पंपावर चालणारा एक साधा स्पंज फिल्टर आणला आणि तो छोट्या टाकीत न लावता मोठ्या टाकीच्या मागच्या कोपऱ्यात लावून दिला. महिनाभर तो तिथे बुडबुडत राहिला आणि तपकिरी होत गेला. स्पंज फिल्टर दिसायला बावळट आहे, पण पिल्लांना तो ओढून घेत नाही, आणि त्याच्या पृष्ठभागावर जी शेवाळाची लव धरते ती पिल्ले दिवसभर टोचत बसतात. चारशे-पाचशे रुपयांच्या पॉवर फिल्टरपेक्षा मला हाच अधिक प्रामाणिक वाटतो.

डिसेंबरच्या शेवटी तिसरे वेत झाले, अठ्ठावीस पिल्लांचे. मुरलेला स्पंज उचलून छोट्या टाकीत आणला, पाणीही निम्मे मोठ्या टाकीतलेच घेतले, आणि रोज मोजले तरी अमोनिया शून्य राहिला. तोवर निफाडचा पारा वर्तमानपत्रांत येऊ लागला होता आणि द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटत होत्या. आमच्या घरात पहाटे पाण्याचे तापमान 18 अंशांवर उतरे. गप्पी सहसा तेवढ्याने मरत नाहीत, पण पिल्ले खाणे सोडतात आणि रोगाला वाव मिळतो. म्हणून पन्नास वॉटचा हीटर लावून पाणी 26 अंशांवर ठेवले. लिटरला एक ते दीड वॉट हा हिशेब आमच्या थंडीला पुरतो. सगळे यथासांग होते.

मग मी शहरातल्या एका दुकानातून चार नवे निऑन आणले, कारण दोन जुने गेले होते आणि थवा विरळ दिसत होता. पिशवी टाकीत पंधरा मिनिटे तरंगत ठेवली आणि मासे सोडले. नवे मासे दोन-तीन आठवडे वेगळे ठेवून मगच जुन्यांत मिसळावेत हे मुलाने सांगितलेले होते. मला वाटले, दिसतात तर ठणठणीत. पाचव्या दिवशी एका निऑनच्या शेपटीवर रव्याचा कण चिकटल्यासारखा पांढरा ठिपका दिसला, सातव्या दिवशी सगळ्याच निऑनवर रवा भुरभुरलेला. मोठ्या टाकीत जी जाळी वापरली तीच मी पिल्लांच्या टाकीतही बुडवत होते. पिल्लांच्या अंगावर ठिपके दिसत नाहीत, ती एवढीशी असतात की ठिपका मावायला जागा नसते. ती फक्त पंख मिटून पाण्यात थरथरतात आणि स्पंजाला अंग घासतात. मी थरथर पाहिली आणि ती थंडीची समजले. हा माझा गेलेला दीड दिवस पुढे फार महाग पडला.

पांढऱ्या ठिपक्यांच्या या रोगाचा परजीवी मोठा धूर्त आहे. ठिपका दिसतो तेव्हा तो माशाच्या त्वचेखाली असतो आणि तिथे त्याला औषध लागत नाही. पोट भरले की तो गळून तळाशी पडतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत शेकडो पिल्लांत विभागतो; ती बाहेर पडली की त्यांना दोनेक दिवसांत नवा मासा गाठावा लागतो, नाहीतर ती मरतात. औषध लागू पडते ते फक्त या पोहणाऱ्या अवस्थेत. थंड पाण्यात हे चक्र कित्येक आठवडे रेंगाळते, उबेत काही दिवसांत पुरे होते. म्हणून तापमान वाढवायचे ते परजीवीला लवकर घराबाहेर काढण्यासाठी. मी पिल्लांच्या टाकीचे तापमान दोन दिवसांत हळूहळू 30 अंशांवर नेले, उबदार पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो म्हणून हवेचे बुडबुडे सोडणारा एक जादा दगड सोडला, लिटरला दोन ग्रॅम या हिशेबाने जाडे मीठ पाण्यात विरघळवून तीन हप्त्यांत घातले आणि रोज तळ सायफनने ओढला, कारण कवचे तळाशीच असतात. गप्पींना मीठ मानवते. मोठ्या टाकीत मात्र कोरिडोरस होते, त्यांना आणि पाणवनस्पतींना मीठ सोसत नाही. तिथे उष्णता आणि दुकानातल्या हिरव्या औषधाची निम्मी मात्रा यांवर भागवले. शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर उपचार चालू ठेवले. अठ्ठावीसपैकी बारा पिल्ले राहिली, चारही नवे निऑन गेले, जुन्यांतले दोन गेले. तेव्हापासून दोन टाक्यांच्या दोन जाळ्या आहेत, एक निळी आणि एक हिरवी, आणि घरात कोणी त्यांची अदलाबदल केली तर मी आवाज चढवते.

चौथ्या वेताच्या आधी मी दोन निर्णय घेतले. पहिला, एंजल दुकानदाराला परत देण्याचा. ते देखणे होते, मुलाचे लाडके होते, पण तळहाताएवढे वाढलेले एंजल आणि दोन सेंटिमीटरचे मासे एका पाण्यात ठेवून आपण कम्युनिटी टँक म्हणतो ही आपलीच फसवणूक आहे. मुलगा दोन दिवस घुम्म होता. दुसरा निर्णय खाण्याविषयीचा. बलक बंद केला. दुकानात पिशवीत लालभडक वळवळणारे जिवंत ट्युबिफेक्स मिळतात. ते गाळात वाढणारे किडे असल्याने त्यांच्याबरोबर काय येईल याची मला शाश्वती वाटेना. त्याऐवजी आर्टेमियाची अंडी आणली. ही खाऱ्या पाण्यातल्या एका बारीक कोळंबीवर्गीय जीवाची अंडी, सुकी, तपकिरी, नाचणीच्या पिठासारखी. शीतपेयाची बाटली तळ कापून उलटी टांगली, तीत लिटरभर पाणी, दीड मोठा चमचा जाडे मीठ आणि चिमूटभर अंडी घातली, तळापर्यंत हवेची नळी सोडली आणि वर दिवा ठेवला. मार्चची ऊब होती. दुसऱ्या दिवशी दुपारी हवा बंद करून पाहिले, तर टरफले वर तरंगत होती आणि दिव्याचा झोत पडला तिथे केशरी ढग जमला होता. तो नळीने ओढून फडक्यावर घेतला, गोड्या पाण्याने धुतला आणि ड्रॉपरने पिल्लांना दिला.

त्या दिवशी मी पुन्हा भिंग घेऊन बसले. झटका, थांबा, झटका असे पोहणारी एक्केचाळीस पिल्ले एकाएकी शिकारी झाली. प्रत्येक जण शरीराचा इंग्रजी एस करून क्षणभर तोलून धरी आणि मग झेप घेई. पाच मिनिटांत सगळ्यांची पारदर्शक पोटे केशरी झाली, पोटात दिवा लावल्यासारखी. किती द्यायचे हा माझा जुना प्रश्न तिथे सुटला: पोट केशरी झाले की पुरे. दिवसातून चार वेळा, थोडे थोडे. दोनदा आर्टेमिया आणि दोनदा बोटांत चुरून पीठ केलेले फ्लेक, म्हणजे माशांच्या कोरड्या खाण्याच्या पापड्या. पोटे लहान असतात आणि पचन झपाट्याने होते, त्यामुळे एकदम भरपूर देण्यात काही हशील नाही. उरलेले मात्र राहू द्यायचे नाही. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासांत मरतो आणि मग तोच अमोनिया होतो.

रोज सकाळी तीस लिटरांतले तीन लिटर पाणी बदलणे हे या दोन महिन्यांतले सर्वांत कंटाळवाणे आणि, माझ्या मते, सर्वांत मोलाचे काम होते. एअर पंपाच्या बारीक नळीच्या टोकाला जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा रबराने बांधून मी तळ ओढत असे, आणि पाणी पांढऱ्या बादलीतच घेत असे. कारण कितीही जपले तरी एखादे पिल्लू मोजा चुकवून नळीतून येते आणि पांढऱ्या तळावर ते चटकन दिसते. त्याला चमच्याने परत सोडायचे. नवे पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलेले असे. आमच्या नळाला गंगापूर धरणाचे पाणी येते आणि त्याला क्लोरीनचा वास कमीअधिक असतो. ते चोवीस तास उघडे ठेवले, हवेचा दगड सोडला आणि वर हायपोचे, म्हणजे त्याच अँटी-क्लोरीनचे, दोन थेंब टाकले की निर्धास्त होता येते. एप्रिलपासून इमारतीच्या टाकीत बोअरचे पाणीही मिसळू लागले, किटलीच्या तळाशी पांढरा थर धरू लागला. गप्पी आणि प्लॅटींना असे क्षारांचे जड पाणी उलट आवडते, निऑनना नाही; पण पाण्याचा प्रकार बदलला तरी तो एका वेळी दहा टक्क्यांनीच आत जात असल्याने कोणाला धक्का बसला नाही. नवे पाणीही मी मगने ओतत नाही; बादली स्टुलावर ठेवून नळीने थेंबथेंब सोडते. अर्धा तास लागतो, तेवढ्यात माझा चहा आणि वर्तमानपत्र होते.

मे महिन्यात एका संध्याकाळी वळवाच्या पावसात वीज गेली ती सहा तास आली नाही. हवा बंद पडली की स्पंजातले जिवाणूही गुदमरतात. बॅटरीवर चालणारा छोटा पंप मी पिल्लांच्या टाकीला लावला आणि मोठ्या टाकीतले पाणी सासूबाई आणि मी आळीपाळीने तांब्याने उंचावरून ओतत राहिलो. सासूबाईंना अभिषेक केल्याचे समाधान मिळाले. कोणी मेले नाही.

एक्केचाळीसपैकी अडतीस पिल्ले वाढली. दोन पहिल्या आठवड्यातच गेली; ती जन्मापासून तळाशी घसटत चालत होती, पोहण्याची पिशवी नीट न भरलेली पिल्ले अशी असतात आणि त्यांच्यासाठी फारसे काही करता येत नाही. एक बादलीतून बाहेर उडाले, ते माझ्या नजरेतून सुटले. पाचव्या आठवड्यात नरांच्या शेपट्यांवर रंग फुटू लागले, प्रथम एक नारिंगी ठिपका, मग निळ्याची कड. दोन सेंटिमीटरच्या पुढे गेलेली पिल्ले मी दिवे मालवून, आधी मोठ्या माशांना खायला घालून, रात्री मोठ्या टाकीत सोडली. सकाळी ती तिथलीच असल्यासारखी फिरत होती. बारा ठेवली, पंधरा दुकानदाराने घेतली, बाकीची इमारतीतल्या दोघांनी गच्चीवरच्या कमळाच्या हौदांत नेली. एका गृहस्थांनी उरलेली गोदाघाटावर सोडून पुण्य मिळवण्याची सूचना केली. त्यांना मी नाही म्हटले. परदेशी मासा आहे, महिन्या-महिन्याला वितो आणि नदीतल्या मूळच्या माशांची अंडीपिल्ले खातो. हौदात तो आवरता येतो, गोदावरीत नाही.

नर-मादी वेगळे करायला मात्र मला उशीर झाला. नराचा पोटाखालचा पर टोकदार होतो, मादीचा पंख्यासारखा राहतो. हे चौथ्या आठवड्यापासून ओळखता येते आणि दुसऱ्या महिन्याच्या आत ती वेगळी करावी लागतात. मी त्यांना दहाव्या आठवड्यात वेगळे केले. परवा पाणी बदलताना पाहिले, तर ठेवलेल्या माद्यांपैकी तिघींच्या शेपटीकडे काळा डाग पसरला आहे आणि एकीचे पोट चौकोनी झाले आहे. मुरवायला लावलेला दुसरा स्पंज मी मोठ्या टाकीच्या कोपऱ्यातून काढून छोट्या टाकीत बसवला, हिरवी जाळी बाजूला काढून ठेवली आणि आर्टेमियाची बाटली शोधली. ती सासूबाईंनी रद्दीवाल्याला दिली होती.